मधली सरी

"मानवी संस्कृतीचा खरा इतिहास म्हणजे माणूस आणि तण यांच्यातलं युद्ध आहे!" असं मी आमच्या रानाच्या बांधावर उभा राहून जाहीर केलं. त्या वेळी माझ्या एका हातात पाण्याची कळशी होती आणि दुसऱ्या हातात माझीच चप्पल, कारण तिचा अंगठा तुटला होता.

समोर मक्याच्या सऱ्यांत भांगलणीला बसलेल्या बायकांपैकी कुणीही मान वर केली नाही. फक्त सगुणानं हातातलं खुरपं न थांबवता विचारलं, "मास्तर, मग त्या युद्धात तुमी कुनाच्या बाजूनं?"

"म्हणजे?"

"न्हाई, माणसाच्या बाजूनं असाल तर खाली बसा. नुसतं हुभं ऱ्हायचं काम तणच करतंय."

सगळी रांग हसली. माझी आई हसली, माझी काकीही हसली. मात्र दोघी एकमेकींकडे न बघता हसल्या. त्या कलेत दोघी आता तरबेज झाल्या होत्या.

मी तालुक्याच्या हायस्कुलात इतिहास शिकवायचो, त्यामुळे असली वाक्यं माझ्या तोंडून आपोआप सांडत. घरात मात्र त्यांना किंमत नव्हती. आमच्या घरातला इतिहास आजोबांनी घडवला होता. त्यांच्या दोन मुलांच्या, म्हणजे माझे वडील आण्णा आणि धाकटे तात्या यांच्या, चुली वेगळ्या करायची वेळ आली तेव्हा आजोबांनी न्यायाची कमाल केली. पाटा धाकट्या सुनेला दिला आणि वरवंटा थोरलीला. "चटणी वाटायची झाली तर एकमेकींकडं जावंच लागंल," असं म्हणून ते समाधानानं मिशीवर हात फिरवत बसले. पुढच्याच बाजारात आईनं नवा पाटा आणला, काकीनं नवा वरवंटा. आजोबा गेले ते घरात दोन पाटे आणि दोन वरवंटे ठेवून. जाताना न्याय झाल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर तसंच होतं.

त्यानंतर दोघी जावा एकमेकींशी बोलल्या नाहीत. भांडण असं झालंच नव्हतं, म्हणून ते मिटवताही येत नव्हतं. आण्णा आणि तात्यांचं उत्तम चालायचं. रान एकत्र, बैल एकत्र, विडीसुद्धा एकत्र. मी तर लहानपणी आईच्या घरात जेवून काकीच्या घरात झोपायचो. काकीला मूल नव्हतं. माझ्या अंगाला तेल तिनंच चोळलं होतं आणि त्याबद्दल ती मला अजून अधूनमधून बोलून दाखवायची. अबोला होता तो फक्त त्या दोघींमध्ये, आणि तो इतका जुना झाला होता की घरातल्या खांबाला वळसा घालावा तसे आम्ही सगळे त्याला वळसा घालून चालायचो.

भांगलण मात्र सावडीनं व्हायची. सावड म्हणजे आज आळीतल्या बायका आमच्या रानात, उद्या आमच्या घरच्या त्यांच्या रानात. प्रत्येकीनं आपली पात धरायची, म्हणजे दोन-तीन सऱ्या आपल्या म्हणून घ्यायच्या आणि या बांधापासून त्या विहिरीपर्यंत उकिडवं बसून काढत जायचं. आई आणि काकी शेजारी पात धरणं शक्य नव्हतं आणि दूर बसणं दोघींनाही मंजूर नव्हतं, कारण एकमेकींच्या पातीवर नजर ठेवायची असे. म्हणून मधे सगुणा बसायची. सगुणा आमच्या भावकीतली, मधल्या आळीची. दोघींचे निरोप ती डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे पोचवायची, आणि पोचवताना त्यात आपल्या पदरचं तिखटमीठ घालायची.

"सगुणे, म्हणावं लव्हाळा वरनं तोडू नको, खालची गाठ काढ. परत फुटतोय," आई म्हणायची.

"बाई म्हणत्यात, लव्हाळ्याची गाठ काढा. मी म्हणते, मनातली कवा काढताय?"

"सगुणे, तू तुझं खुरपं चालव," काकी म्हणायची.

त्या वर्षी हे भांगलणीचं प्रकरण नेहमीपेक्षा नाजूक होतं. आमच्या भागात मधुमका नवा नवा आला होता. बियाणेवाल्यानं आण्णांना बजावलं होतं की हे पीक लाडावलेल्या पोरासारखं आहे, सुरुवातीच्या महिन्यात शेजारी तण दिसलं की रुसतं, आणि एकदा रुसलं की कणसात दाणे भरत नाही. मी तणनाशक फवारायचं सुचवलं होतं. पण खालच्या आळीच्या एकानं साध्या मक्याचं औषध याच्यावर मारलं आणि त्याचा मका कावीळ झाल्यासारखा पिवळा पडला, तेव्हापासून आण्णा औषधाचं नाव काढलं की कानात काडी घालत.

पण नाजूकपणाचं खरं कारण मका नव्हता, मी होतो.

मला मुलगी बघून झाली होती. मंदाकिनी तिचं नाव. याआधी मी बऱ्याच ठिकाणी पोहे खाल्ले होते आणि सगळीकडून "कळवतो" असं ऐकलं होतं. कळवलं कुणीच नव्हतं. मंदाकिनीच्या घरी मात्र वेगळंच घडलं. वडीलधाऱ्यांनी "काय विचारायचं असंल तर विचार गं" म्हटल्यावर तिनं मान वर केली, माझ्याकडे सरळ बघितलं आणि चेहऱ्यावरची रेघ न हलवता म्हणाली, "तुमच्या रानात गोड मका लावलाय म्हणे. मुंग्या लई होत असतील?"

मी पोहे शर्टावर सांडले. ती हसली नाही. तेव्हाच मी ठरवलं की लग्न करीन तर हिच्याशी, नाहीतर आयुष्यभर इतिहास शिकवीन.

अडचण एकच होती. तिच्या थोरल्या बहिणीला दिलं होतं ते घर जावाजावांच्या भांडणानं पोखरलेलं निघालं आणि पोरगी दोन चुलींच्या मधे होरपळली होती. म्हणून तिच्या वडिलांनी, गुलाबरावांनी, मध्यस्थाला निक्षून सांगितलं होतं, "जमीन कमी असली तरी चालंल, पोरगा जरा बावळट असला तरी चालंल. घर एक पायजे." दुसऱ्या अटीत मी बसत होतो. पहिलीतही बसत होतो. तिसरीसाठी आण्णांनी मध्यस्थाला छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "आमच्यात वेगळेपणा कसला! एका जिवाच्या जावा हाईत."

तर त्या भांगलणीच्या दिवशी, रांग रानाच्या निम्म्यात आली असेल नसेल, सगुणाची पोरगी बांधावरून ओरडत आली, "आये, गाय अडलीया!" सगुणा खुरपं टाकून तशीच पळाली. तिच्या पातीच्या तीन सऱ्या मधेच राहिल्या. सावडीचा रिवाज असा की एखादी उठून गेली तर दोन्ही बाजूच्या तिची पात वाटून घेतात. आईनं आपल्या अंगाची एक सरी घेतली. काकीनं आपल्या अंगाची एक घेतली. आणि दोघी पुढे गेल्या. मी तेव्हा झाडाखाली बसून चप्पल शिवत होतो आणि संध्याकाळी सगळं रान सारवलेल्या अंगणासारखं दिसलं, यापलीकडे मी काही बघितलं नाही. बांधावरून दिसतं ते अलीकडचं निम्मं रान, आणि ते खरोखरच स्वच्छ होतं.

थोड्याच दिवसांनी गुलाबराव घर बघायला आले. बरोबर त्यांची थोरली बहीण होती, गजराआत्या. मध्यस्थ माझ्या कानात म्हणाला, "गुलाबराव नुसते बोलायला. ठरवणार ही." गजराआत्या बुटक्या, सावळ्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि डोळे असे की समोरच्याला आपल्या खिशात काही चोरीचं तर नाही ना, असं वाटावं.

आदल्या दिवशी आण्णा आणि तात्यांनी आपापल्या बायकांचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले होते. काकीनं मला बोलावून विचारलं, "शिरपा, पोरगी तुला खरंच आवडलीया?" मी मान हलवली. "मग म्या उद्या तुझ्या आईच्या मांडीला मांडी लावून बसती. पर बोलायला सांगू नगंस." आईनंही अगदी तेच सांगितलं, फक्त काकीला "ती" असं म्हणून.

आणि खरोखर, दोघींनी जो संसार त्या दिवशी मांडून दाखवला तो बघून माझे डोळे भरून आले. दोघी एका चुलीपुढे बसल्या. एकीनं पोळी लाटली, दुसरीनं भाजली. मी दारातून बघत होतो. लाटलेली पोळी आई हवेत धरायची आणि काकी ती हवेतूनच उचलायची, जणू पोळी आपण होऊन आली.

पंगतीत तर कमालच झाली.

"घ्या आत्याबाई," आई वाढताना म्हणाली, "आमच्या पारूच्या हातची आमटी हाय. अशी आमटी पंचक्रोशीत व्हत न्हाई."

"पोळी घ्या आत्याबाई," काकी लगेच म्हणाली, "आमच्या अक्काच्या हातची. नुसती फुंकर मारली तर उडंल."

"पारूचं लोणचं चाखा."

"अक्काची कुरडई मोडून तर बघा."

इतकी वर्षं साठलेलं कौतुक एकमेकींना न सांगता दोघी आत्याबाईंच्या ताटात वाढत होत्या. आण्णांचा चेहरा फुलला. तात्यांनी मला कोपर मारलं. गुलाबराव तर तृप्त होऊन म्हणाले, "गजरे, हे घर बघ. याला म्हणत्यात घर."

गजराआत्यांनी आमटी भुरकली, एकदा आईकडे बघितलं, एकदा काकीकडे बघितलं आणि हात धुताना म्हणाल्या, "रान बघूया की तुमचं. गोड मका म्हंजे काय असतंय ते कधी बघितलं न्हाई."

आण्णांना याहून आनंदाची दुसरी गोष्ट नव्हती. सगळे रानाकडे निघालो. बायकाही निघाल्या, आई अंगावरच्या ठेवणीतल्या इरकली लुगड्यासकट आणि काकी तिच्यापासून नेमकी चार पावलं मागे. बांधावर उभे राहून आण्णांनी हात पसरला. गुडघ्याच्या वर आलेला मका, काळपट हिरवा, आणि मधे तणाची काडी नाही. गुलाबरावांनी मान डोलावली. तिथूनच परत फिरलो असतो तर ही गोष्ट इथंच संपली असती आणि मी ती तुम्हाला कधी सांगितली नसती.

"ती काय, विहीर हाय न्हवं का?" गजराआत्या म्हणाल्या. "चला, पाणी बघू." आणि त्या थेट रानात शिरल्या.

निम्म्या रानात पोचल्यावर त्या थांबल्या. त्यांच्या पायाशी एक सरी होती. इथपर्यंत ती स्वच्छ होती आणि इथून पुढे पार विहिरीपर्यंत तिच्यात तण माजलं होतं. घोळ पसरली होती, केना चढला होता, लव्हाळ्याचे तुरे वाऱ्यावर डुलत होते आणि त्यातून मक्याची ताटं आजाऱ्यासारखी पिवळी, बारीक, माना काढून बघत होती. दोन्ही बाजूंना साफ रान आणि मधे ही हिरवी रेघ. इतकी सरळ की दोरी धरून आखली असावी.

आण्णांचा पसरलेला हात हळूहळू खाली आला.

"हे काय म्हणायचं?" गजराआत्यांनी विचारलं.

आण्णांनी तात्यांकडे बघितलं, तात्यांनी माझ्याकडे. मी पदवीधर होतो. पुढे झालो.

"तो प्रयोग आहे, आत्याबाई. शास्त्रीय. एक सरी मुद्दाम तशीच ठेवायची असते. तण काढलेलं आणि तण न काढलेलं, यांतला फरक कळावा म्हणून."

"असं व्हय. मग काय कळलं?"

"हेच की... तण न काढलेलं वाईट असतं."

"एवढ्यासाठी शिकलासा तुमी?"

गुलाबराव खोकले. गजराआत्या सरीच्या कडेनं पुढे चालत राहिल्या. एकदा डावीकडच्या सऱ्या बघत, एकदा उजवीकडच्या. मग वळल्या आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "ह्या अंगाला बसलेली बाई लव्हाळा गाठीसकट काढती. त्या अंगाची खुरप्याचं टोक तिरकं घालती. दोघींचा हात लई साफ. आणि दोघी एकमेकींशी बोलत न्हाईत."

रानात वारा होता तोही थांबला असं मला वाटलं. अर्थात तो थांबला नसणार, लव्हाळ्याचे तुरे डुलतच होते.

"छे, छे!" आण्णा म्हणाले.

"छे, छे," तात्या म्हणाले. भावाभावांचं किती एकमत होतं ते पुन्हा दिसलं.

"गुलाबा," आत्या म्हणाल्या, "माझ्या सासरच्या रानात अशीच एक सरी हुती. वर्षानुवर्षं. एका अंगाला मी, दुसऱ्या अंगाला माझी धाकटी जाऊ. ती म्हणायची तुझी हाय, मी म्हणायची तुझी हाय. म्हंजे म्हणत न्हवतोच, बोलायचंच बंद हुतं. पीक कुठलंबी असू दे, ती सरी हिरवीच."

"मग?" हे विचारलं काकीनं. इतका वेळ ती मागेच उभी होती.

"मग ती तापानं गेली. त्या साली दोन्ही अंगाच्या सऱ्या माझ्याच वाट्याला आल्या. मधली बी मीच काढली." आत्यांनी पदरानं घाम पुसला, घामच असावा. "लई सोपी निघाली. उगंच वाटत हुतं, अवघड असंल."

गुलाबराव जमिनीकडे बघत होते. हे त्यांनीही कधी ऐकलेलं नसावं.

मग गजराआत्यांनी नवीन लुगड्याचा काष्टा आवळला, खाली बसल्या आणि हातानंच घोळीची पसरलेली वेल ओढून काढली.

"अवं आत्याबाई! तुमी कशाला!" आई आणि काकी एकदम ओरडल्या, शब्दाला शब्द लावून. पाहुणीनं आपल्या रानातलं तण काढायचं, म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. आई एका बाजूनं धावली, काकी दुसऱ्या बाजूनं, आणि दोघी त्या सरीत समोरासमोर बसल्या. कालच पाणी दिलेलं, माती मऊ होती. तण मुळासकट येत होतं. थोड्या वेळानं गजराआत्या हळूच उठून बाजूला झाल्या, तरी दोघींचे हात थांबले नाहीत. आई पुढे सरकत होती, काकी तिला लागून सरकत होती. मधे सगुणा नव्हती, पाहुणी नव्हती, काहीच नव्हतं.

आता त्या रानात पाठीवर पंप घेतलेला एक माणूस अर्ध्या दिवसात औषध मारून जातो. मक्याला चालणारं औषधही निघालं आहे. सावड मोडली. सगळ्या सऱ्या सारख्या स्वच्छ असतात आणि कोण कुणाशी बोलत नाही हे रान बघून ओळखायची काहीएक सोय उरलेली नाही. त्या दिवशी मात्र ती होती, आणि माझं सगळं आयुष्य त्या सरीत उघडं पडलं होतं.

"हितं ऐका," गजराआत्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "आमची पोर मी उगंच कुठं देणार न्हाई. एकीला दिली तेवढी पुरे झाली. म्या काय तुमच्यात गोडी लावायला आली न्हाई. पर एकमेकींशी एक वाक्य बोला. माझ्याशी न्हाई, एकमेकींशी. काय बी बोला. ते मी माझ्या कानांनी ऐकलं की गुलाबा हितंच बांधावर सुपारी फोडील. न्हाईतर जेवण झक्कास झालं, आमी निघतो."

गुलाबरावांनी खिशात हात घालून सुपारी चाचपली. आण्णा विहिरीकडे बघायला लागले, तात्या आभाळाकडे. मी मंदाकिनीचा तो न हललेला चेहरा आठवत उभा राहिलो आणि आयुष्यात पहिल्यांदा मला एकही वाक्य सुचेना.

काकीचे हात थांबले. तिनं माझ्याकडे बघितलं आणि मग मान खाली घातली. इतक्या वर्षांचा अबोला कुठल्या शब्दानं मोडायचा, हा काही सोपा प्रश्न नव्हता. क्षमा मागायची तर कशाची? दोष द्यायचा तर कुणाला? गेलेल्या सासऱ्याला? आईनं हातातलं तण बाजूला ठेवलं. उठायला गेली, पण उठता आलं नाही, तशीच पुन्हा बसली. डोळ्यांत पाणी तरारलं. तिनं काकीच्या डोळ्यांत सरळ बघितलं. आम्ही सगळे श्वास धरून उभे होतो.

"पारू," आई म्हणाली, "सरक की गं जराशी. माझ्या पदरावर बसलीयास."